तापमान सारखं, मग उष्णता सारखी का नाही?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही ऐरोलीला राहता, मुलगी आठवीत आहे. तिच्या चाचणीत प्रश्न आला की ८० अंश सेल्सिअसचं एक किलो पाणी आणि ८० अंशाचंच एक किलो लोखंड, यांपैकी कोणात उष्णता जास्त? तिने 'दोन्हींत सारखी' असं लिहिलं आणि मार्क गेले. मीही तेच लिहिलं असतं, असं तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंय. त्यावरून तिने घरी आणखी दोन प्रश्न काढले. गरम वस्तूतले कण स्वतः गरम असतात का? आणि फ्रीजमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या डब्यांपैकी स्टीलचा डबा प्लास्टिकच्या डब्यापेक्षा गार का लागतो? व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण डोक्यात काही जात नाही, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी शिक्षक नाही. रेफ्रिजरेशनच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यातला बराचसा काळ तुर्भ्याच्या एमआयडीसीत कोल्ड स्टोरेज चालवण्यात. पण उष्णता आणि तापमान यांची गल्लत झाली तर मुलांचे दोन मार्क जातात, आमच्याकडे मालच जातो. त्यामुळे हा फरक मला व्याख्येतून शिकावा लागला नाही.

माझ्या मते अडचण व्याख्येत नाहीच. आपल्या मनात तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात. थर्मामीटर जे दाखवतो ते, वस्तू गरम किंवा थंड करायला जे द्यावं-घ्यावं लागतं ते, आणि हाताला जे जाणवतं ते. पहिलं तापमान, दुसरी उष्णता, तिसरी निव्वळ जाणीव. थर्मामीटर म्हणजे उष्णता मोजायचं यंत्र असं आपण धरून चालतो आणि तिथून सगळा घोळ सुरू होतो.

सुरुवात आंब्यापासून करतो. सीझनला वाशीच्या एपीएमसी फळबाजारात हापूस उतरतो आणि त्यातला काही माल थंड खोल्यांमध्ये येतो. समजा खोलीत ५०० घनमीटर हवा आहे आणि १० टन आंबा लावलाय. हवा आणि आंबा दोन्ही ३३ अंशावर आहेत, दोन्ही १३ वर न्यायचे आहेत. (हापूस त्याच्या फार खाली नेला की सालीवर डाग येतात आणि पुढे तो नीट पिकत नाही, म्हणून १३ च्या आसपास थांबायचं.) ५०० घनमीटर हवेचं वजन साधारण ६०० किलो. एक किलो हवा एक अंशाने थंड करायला सुमारे १ किलोजूल (किलोजूल हे उष्णता मोजायचं एकक) उष्णता काढावी लागते, म्हणजे २० अंशांसाठी १२ हजार किलोजूल झाले. आंबा बहुतेक पाणीच असतो, त्याला किलोमागे अंशाला सुमारे ३.७ किलोजूल लागतात. १० टनांचे २० अंश म्हणजे ७ लाख ४० हजार किलोजूल. तेच ३३, तेच १३, पण काढायची उष्णता साठपट.

प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगतो. मशीन सुरू केल्यावर दारावरचा डिस्प्ले भराभर खाली येतो, कारण त्याचा सेन्सर हवेत लटकलेला असतो. डिस्प्लेवर १३ दिसले की व्यापारी म्हणतो, "झाला माल थंड, गाडी लावू का?" तेव्हा आम्ही मधल्या थरातली एक पेटी ओढतो, एक आंबा उचलतो आणि सुईसारखा प्रोब कोयीला टेकेपर्यंत आत खुपसतो. आकडा येतो २८. हवा थंड झालेली असते, आंबा अजून कोकणातलंच ऊन धरून बसलेला असतो. वर आंबा जिवंत फळ आहे, तो श्वसन करतो आणि बसल्या जागी स्वतःही थोडी उष्णता निर्माण करत राहतो. (प्रोब खुपसलेला आंबा पुढे कोणाच्या वाट्याला जातो हे सांगायला नको.) उलटही तसंच आहे. माल भरलेल्या खोलीचं दार थोडा वेळ उघडं राहिलं की डिस्प्ले झटकन वर जातो, माल जागचा हलतही नाही. वीज गेली तर रिकाम्या खोलीपेक्षा भरलेली खोली कितीतरी जास्त वेळ टिकते, तेही याच कारणाने.

मुलीला हे समजावताना मी सोसायटीच्या गच्चीवरच्या टाक्या दाखवेन. दोन टाक्या पाइपने जोडल्या तर पाणी कुठून कुठे जाईल हे लिटरवर ठरत नाही, पातळीवर ठरतं. उभ्या पाइपात तीन मीटरपर्यंत चढलेलं दोन बादल्या पाणी, दोन मीटर पातळीच्या अवाढव्य टाकीत उतरतंच. तापमान ही पातळी आहे. उष्णता कुठल्या दिशेने जाईल एवढंच ते सांगतं. किती जाईल हे टाकीच्या रुंदीवर, म्हणजे पदार्थ कोणता आणि किती आहे यावर ठरतं. पाण्याची टाकी रुंद, लोखंडाची अरुंद. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरच्या ठिणग्या उघड्या हातावर पडतात आणि कारागीर ढुंकूनही बघत नाही. त्या ठिणग्या हजार अंशांच्या वर असतात, पण लोखंडाच्या कणभर तुकड्याकडे द्यायला असतं किती? उलट १८० अंशाच्या तेलाचा एक चमचा सांडला तर आठवडाभर पुरतं. फुलबाजीचंही तसंच, ठिणग्या चालतात. तिची विझलेली तार मात्र धरू नये, तिच्यात ऐवज असतो.

पण ही टाकी एका ठिकाणी फसवते. पाणी ही वस्तू आहे, उष्णता ही वस्तू नाही. १८ व्या शतकात बहुतेक विद्वानांनाही उष्णता म्हणजे 'कॅलॉरिक' नावाचा अदृश्य द्रव वाटायचा, तो गरम वस्तूत भरलेला असतो आणि थंड वस्तूत वाहतो. काउंट रम्फर्ड म्युनिकला तोफांच्या नळ्या कोरून घ्यायचा. १७९८ मध्ये त्याने मांडलेला मुद्दा साधा होता. बोथट ड्रिल घोड्यांकरवी फिरवत राहिलं की उष्णता निघतच राहते. त्याच्या प्रयोगात भोवतालचं पाणी अडीच तासांत उकळलं, खाली आग नसताना. वस्तूत आधीपासून भरलेला द्रव असता तर कधीतरी संपला असता. जी गोष्ट घासून अमर्याद काढता येते ती द्रव असू शकत नाही, ती हालचालीतून येत असणार. पुढे १८४० च्या दशकात जूलने किती कामातून किती उष्णता मिळते हे मोजून दाखवलं. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोजूल हा आकडा त्याच वाटेने आला.

हालचाल कोणाची, तर कणांची. इथे मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि तो प्रश्न मला परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा चांगला वाटला.

कण गरम असतो का? नाही. एकट्या कणाला तापमान नसतंच. त्याला वेग असतो, ऊर्जा असते. असंख्य कण एकमेकांवर आदळत, ऊर्जेची देवाणघेवाण करत असतात, तेव्हा त्या सगळ्यांच्या हालचालीच्या ऊर्जेची जी सरासरी निघते तिचं माप म्हणजे तापमान. गरम पाण्याचा रेणू आणि गार पाण्याचा रेणू हातात घेऊन बघता आले असते, तरी दोघांत काही फरक दिसला नसता. एक जास्त धडपडतोय, दुसरा कमी, इतकंच. कण तापतो, कण फुगतो, कण वितळतो असं मुलं लिहितात, तिन्ही चूक. रूळ उन्हात लांब होतात ते लोखंडाचे अणू फुगून नाही, तर अणू जास्त थरथरतात आणि त्यांच्यातलं सरासरी अंतर किंचित वाढतं म्हणून. हे 'किंचित' एक किलोमीटर रुळाला आणि ३० अंशांच्या फरकाला सुमारे ३६ सेंटिमीटर भरतं.

सरासरी या शब्दावर जरा थांबा. आपल्या खोलीतल्या हवेत नायट्रोजनचे रेणू साधारण ५०० मीटर दर सेकंदाला या वेगाने धावत असतात, ध्वनीपेक्षाही जास्त. पण कुठलाही रेणू सरळ फार लांब जात नाही. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात तो दुसऱ्यावर आदळतो. काही रेणू फार वेगवान, काही रेंगाळणारे, आणि कोण वेगवान हे क्षणाक्षणाला बदलतं. तापमान सारखं म्हणजे वेग सारखा असंही समजू नका, सारखी असते ती सरासरी ऊर्जा. त्याच तापमानाला हायड्रोजनचा हलका रेणू नायट्रोजनच्या पावणेचारपट वेगाने पळतो.

आणि थंडीत कण थांबतात का? हा प्रश्न अजून तिने विचारला नसेल तर लवकरच विचारेल. आमची गोठवलेल्या मालाची खोली उणे २० ला असते. तिच्यातल्या हवेच्या रेणूंची धावण्याची सरासरी ऊर्जा २७ अंशाच्या खोलीतल्या रेणूंपेक्षा जेमतेम १६ टक्क्यांनी कमी असते. आपल्याला दात वाजवायला लावणारी थंडी कणांच्या दृष्टीने किरकोळ आहे. हिशोब शून्य सेल्सिअसपासून करायचा नसतो, तापमानाचा तळ म्हणजे उणे २७३.१५, तिथपासून करायचा असतो. तिथेही पूर्ण स्तब्धता नसते, पण तो विषय आठवीचा नाही.

आता परीक्षेतलं पाणी आणि लोखंड. दोन्ही ८० वरून ३० वर आणू. एक किलो पाण्याला अंशामागे ४.१८ किलोजूल, म्हणून ५० अंशांत ते २०९ किलोजूल देतं. लोखंडाला अंशामागे ०.४५, ते साडेबावीस देतं. पाणी नऊपटीपेक्षा जास्त. पुस्तकात याला विशिष्ट उष्मा म्हणतात आणि पदार्थांचा तक्ता देतात. इथवर बहुतेक शिक्षक शिकवतात. तक्त्यातले आकडे असे का, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि कण खरे आहेत यावर माझा विश्वास बसला तो याच तक्त्याने.

लोखंडाचा आकडा ०.४५, तांब्याचा ०.३८५, शिशाचा ०.१३. एकमेकांशी काही संबंध दिसतो का? नाही दिसत. आता किलोवर मोजणं सोडा आणि अणूंवर मोजा. शिशाचा अणू भारी, अणुवस्तुमान २०७. लोखंडाचा ५६. म्हणजे एक किलो लोखंडात एक किलो शिशाच्या पावणेचारपट अणू असतात. आणि उष्णता किती पट लागते? साडेतीनपट. विशिष्ट उष्मा गुणिले अणुवस्तुमान करून बघा. लोखंडाचं उत्तर २५ च्या आसपास येतं, तांब्याचं साडेचोवीस, शिशाचं २७ च्या जरा खाली, ॲल्युमिनिअमचं (०.९ गुणिले २७) पुन्हा २४. वेगवेगळे धातू, वजनात जमीन-अस्मानाचा फरक, पण प्रत्येक अणू एका अंशासाठी जवळपास सारखीच ऊर्जा मागतो. द्युलाँ आणि पेती या दोघा फ्रेंचांनी हे १८१९ मध्ये दाखवलं, जेव्हा अणू असतात की नाही यावरच वाद होता. अणू नसतील तर हे आकडे जुळायचं काही कारणच नाही. मुलीला कॅल्क्युलेटर देऊन हा गुणाकार स्वतः करू द्या. तिने स्वतः काढलेला २५ तिच्या लक्षात राहील. (हिरा या नियमात बसत नाही, त्याचं उत्तर फक्त ६ येतं. ते कोडं १९०७ मध्ये आइन्स्टाइनने सोडवलं. तिने विचारलंच तर सांगा.)

पाण्याचं काय? एक किलो पाण्यात अणू मोजले तर एक किलो लोखंडाच्या सव्वानऊपट भरतात, कारण पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन असतात आणि ते अगदी हलके. उष्णताही सव्वानऊपट. पण इथे टाळ्या वाजवू नका, हा बराचसा योगायोग आहे. तेच रेणू बर्फात असताना अंशामागे निम्मीच उष्णता मागतात आणि वाफेतही निम्मीच. द्रव पाण्यात रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि दिलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा ती पकड सैल करण्यात जातो, वेग वाढवण्यात नाही.

हाच मुद्दा पुढे नेला की बर्फाचं कोडं सुटतं. शून्य अंशाचा बर्फ वितळून शून्य अंशाचं पाणी होतं. तापमान तसूभर वाढत नाही, तरी किलोमागे ३३४ किलोजूल उष्णता आत जाते. तेवढ्यात त्याच पाण्याला शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापवता आलं असतं. गेली कुठे? कणांना त्यांच्या ठरलेल्या जागांवरून सोडवण्यात. कण आधीइतकेच धडपडतात, म्हणून थर्मामीटर ढिम्म राहतो. याला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात ग्लासगोला तो मोजला. कोळणी मासळीवर थंडगार पाणी ओतत नाहीत, बर्फ फोडून घालतात, त्यामागे हाच हिशोब आहे. एक किलो बर्फ वितळून संपेपर्यंत शून्यावर राहून ३३४ किलोजूल ओढून घेतो. शून्य अंशाचं एक किलो पाणी तेवढं घ्यायचं झालं तर आंघोळीला चालणार नाही इतकं तापलं असतं.

आमच्या धंद्याचं मापही बर्फाचंच आहे. तुमच्या हॉलमधला दीड टनाचा एसी वजनाने दीड टन नसतो. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढणाऱ्या मशीनला एक टनाचं मशीन म्हणतात, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. वर आंब्यांचे ७ लाख ४० हजार किलोजूल काढले ते एका दिवसात ओढायचे तर अडीच टनांच्या आसपास मशीन लागेल. तेही फक्त आंब्यांसाठी, भिंतीतून झिरपणारी, दारातून येणारी आणि आंबा स्वतः निर्माण करतो ती उष्णता वेगळी.

आणि मशीन थंडी आत सोडत नाही. थंडी नावाची चीजच नाही. आमच्या मशीनच्या पाइपांत अमोनिया फिरतो, तो साध्या वातावरणीय दाबाला उणे ३३ अंशालाच उकळतो. कॉइलमध्ये दाब हवा तसा ठेवून आम्ही त्याला आत उकळवतो, उकळायला लागणारी उष्णता तो खोलीतून घेतो आणि बाहेर पुन्हा दाबून द्रव करताना ती सोडून देतो. फ्रीजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघायला सांगा मुलीला. दुधाच्या पातेल्यातली उष्णता तिथे निघालेली असते, वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची. म्हणून फ्रीजचं दार उघडं टाकून स्वयंपाकघर थंड होत नाही, उलट थोडं तापतं.

उकळण्याचं एक सांगून पुढे जातो. बटाटे उकडताना पाणी एकदा खळखळायला लागलं की गॅस मोठा करून ते १०० च्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते आणि सिलिंडर लवकर संपतो. वर न्यायचं तर दाब वाढवावा लागतो. कुकरमध्ये तेच होतं, आत १२० च्या आसपास जातं.

पण दोरीवरचे कपडे तर ३० अंशालाच वाळतात. तिथे पुन्हा ती सरासरी आठवा. पृष्ठभागाजवळच्या रेणूंपैकी जे सर्वांत वेगवान ते सुटून हवेत जातात. मागे राहिलेल्यांची सरासरी घसरते, म्हणजे उरलेलं पाणी थंड होतं. घामाने आपल्याला गार वाटतं ते याचमुळे, माठातलं पाणी गार होतं तेही. मात्र सुटलेले रेणू परत येऊन चिकटतही असतात. ठाण्यात मे महिन्यात हवेत आधीच इतकी वाफ असते की सुटतात त्यांच्या तुलनेत बरेच परत येतात. म्हणून इथला ३५ चा पारा नागपूरच्या ४२ पेक्षा जास्त छळतो आणि विदर्भात बर्फासारखं पाणी देणारा माठ इथे पावसाळ्यात नुसता शोभेचा होतो. पंखा हवा थंड करत नाही, मोटरमुळे किंचित तापवतोच. तो फक्त अंगाजवळची दमट हवा हटवतो.

आता स्टीलचा डबा. दोन्ही डबे रात्रभर फ्रीजच्या एकाच कप्प्यात असतील तर दोघांचं तापमान सारखंच असतं. नुकतेच ठेवले असतील, किंवा एक दारात आणि एक मागे हवेच्या झोताजवळ असेल, तर खरोखर फरक असू शकतो, तो आधी वगळा. मग उरतं ते हाताचं काम. आपली त्वचा समोरच्या वस्तूचं तापमान मोजत नाही. आपल्यातून उष्णता किती वेगाने निघून चाललीय, आणि त्यामुळे त्वचा किती झपाट्याने गार होतेय, ते तिला कळतं. स्टील प्लास्टिकपेक्षा साधारण चाळीस ते ऐंशी पट वेगाने उष्णता वाहून नेतं, प्लास्टिक कोणतं त्यावर ठरेल. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, तेही ऊर्जा इकडून तिकडे नेतात. प्लास्टिकमध्ये ते काम फक्त शेजाऱ्याला धक्का देत चालतं. तांबं तर स्टेनलेस स्टीलच्याही वीस-पंचवीसपट. एसीची कॉइल बहुधा तांब्याची असते ती यासाठी. अमोनियाच्या प्लांटमध्ये मात्र तांबं चालत नाही, अमोनिया ते खातो, म्हणून तिथे लोखंडी पाइप.

एक प्रयोग करा, तोंडी समजावण्यापेक्षा तो बरा. लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट ओट्यावर शेजारी ठेवा. दोन्हींना हात लावून गार कोणतं ते मुलीला सांगू द्या. तवाच म्हणेल. मग विचारा, बर्फाचा खडा कशावर आधी वितळेल? बहुतेक जण पोळपाट म्हणतात, कारण तो कमी गार लागला. आता एकाच ट्रेमधले सारखे दोन खडे ठेवा. तव्यावरचा खडा बघता बघता पाण्यात बसतो, पोळपाटावरचा निवांत राहतो. दोन्ही खोलीच्याच तापमानाचे होते. तव्याने तुमच्या हातातून जशी उष्णता भराभर ओढली, तशीच आता तो बर्फाला भराभर देतोय. दोन गोष्टी सांभाळा. पातळ ताटली घेऊ नका, ती स्वतःच लगेच गार होते आणि प्रयोग रेंगाळतो. आणि नुकत्याच पोळ्या भाजलेला तवा तर नकोच.

कण दाखवायचे म्हणून उन्हाच्या कवडशात नाचणारी धूळ दाखवू नका. बरेच जण दाखवतात, पण ती हवेच्या झुळकांवर तरंगते. खरी खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले. न दिसणारे पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी ढकलतात, हा हिशोब आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडला आणि पेराँने नंतर तो प्रयोगाने पडताळला. घरी करायचंच तर दोन पेल्यांत गार आणि गरम पाणी घ्या, दोन्हींत न ढवळता शाईचा एकेक थेंब सोडा. गरम पाण्यात शाई लवकर पसरते. त्यात प्रवाहांचाही हात असतो, हे तिला आधीच सांगून ठेवा.

राहिला मार्कांचा प्रश्न. 'कोणात उष्णता आहे' हा प्रश्नच काटेकोर नाही. उष्णता म्हणजे तापमानातल्या फरकामुळे एकीकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा, ती साठवून ठेवायची वस्तू नाही. आत असते तिला आंतरिक ऊर्जा म्हणतात. पण आठवीत एवढा काटेकोरपणा बहुतेक ठिकाणी ठेवत नाहीत, आणि शिक्षकांना काय विचारायचं होतं ते उघड आहे: ३० अंशापर्यंत थंड होताना जास्त कोण देईल. त्यामुळे मार्क मागायला जाऊ नका, ते मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. तिचं 'सारखी' हे उत्तर तापमानाला बरोबर होतं, उष्णतेला नाही. परीक्षेत मात्र तिने इथून पुढे तापमानातला बदल, वस्तुमान आणि विशिष्ट उष्मा या तिघांचा गुणाकार करून आकडा लिहावा. आकडा लिहिला की वाद उरत नाही.

प्रयोगांसाठी थर्मामीटर घ्यायचा असेल तर स्वयंपाकघरात वापरतात तो सुईवाला डिजिटल घ्या. तापाचा थर्मामीटर गरम पाण्यात बुडवू नका, त्याची धाव ४२ अंशांच्या आसपासच संपते आणि पाऱ्याचा असेल तर फुटून पारा घरभर होईल. कपाळावर रोखायची बंदूकही इथे कामाची नाही. ती फक्त पृष्ठभाग बघते, आणि चकचकीत स्टीलसमोर तर धड तोही नाही. तिला बरेचदा स्टीलऐवजी त्यात पडलेलं तुमचंच प्रतिबिंब दिसतं.